कुंडी हिरवी, ताटली कोरडी

पाऊस सुरू झाला की घरोघरच्या बाल्कन्या आणि गच्च्या हिरव्या होऊ लागतात. भेंडी, काकडी, दोडक्याचे बी पेरावे, जास्वंद-मोगऱ्याच्या फांद्या लावाव्यात, पुदिन्याची काडीसुद्धा सहज रुजावी, असे हे दिवस. शहरांत हा छंद वाढतो आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र याच दिवसांत दवाखान्यांत डेंगीचे रुग्णही वाढू लागतात आणि हा आजार पसरवणारा डास अनेकदा कुंडीखालच्या ताटलीतच जन्मलेला असतो.

डेंगीचा विषाणू पसरवणारा एडिस इजिप्टाय हा डास गटारापेक्षा घरातले, अंगणातले साठलेले स्वच्छ पाणी पसंत करतो. बाटलीभर पाण्यातला मनी प्लांट, कमळाची कुंडी, झारीत उरलेले पाणी, पक्ष्यांसाठी ठेवलेले मातीचे भांडे, गच्चीवर पडलेली नारळाची करवंटी, यांपैकी काहीही त्याला पुरते. मादी एका वेळी शंभरच्या आसपास अंडी घालते आणि ती पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या कडेला चिकटवते. उबदार हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात.

आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असे आरोग्य खाते दरवर्षी सांगते, त्यामागे हेच गणित आहे. पण नुसते पाणी ओतून दिले की काम झाले, हा समज चुकीचा आहे. कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून ताटली रिकामी करून काथ्याने किंवा ब्रशने घासली पाहिजे, मगच पुसून वाळवली पाहिजे.

पावसाळ्यात खरे तर झाडालाही ताटली नकोच असते. कुंडी सतत पाण्यात उभी राहिली की मातीतली हवा कमी होते, मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात. त्यामुळे उघड्यावरच्या कुंड्यांखालच्या ताटल्या जूनमध्येच काढून ठेवाव्यात. कुंडी विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवावी आणि तळाचे छिद्र मोकळे आहे ना, ते पाहावे. घरातल्या कुंडीखाली ताटली हवीच असेल तर ती वाळूने काठोकाठ भरावी. बाटलीतल्या रोपांचे पाणी दर आठवड्याला बदलावे, बाटली आणि मुळे धुवावीत. कमळाच्या कुंडीत गप्पी मासे सोडावेत.

धूर फवारणी झाली की अनेक सोसायट्या निश्चिंत होतात. धुराने फक्त उडणारे डास मरतात. पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि काही दिवसांत नवी पिढी हजर होते. बांधकामाच्या जागा, भंगाराचे ढीग, रस्त्याकडेचे टायर यांची जबाबदारी पालिकेची आहे आणि ती तिने पार पाडलीच पाहिजे. पण बंद दारामागची बाल्कनी पालिकेला दिसत नाही. तपासणीला आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना दारातूनच परत पाठवणारी घरेही कमी नाहीत.

हा ज्याच्या त्याच्या घरापुरता प्रश्न नाही. एडिस डास फार लांब उडत नाही, बहुधा काहीशे मीटरच्या आत राहतो. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी, म्हणजे मुले शाळेत जाताना आणि खाली खेळताना. डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा आजार होऊन गेलेल्याला दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर तो गंभीर होण्याचा धोका वाढतो. ताप उतरल्यावर पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त, असे काही दिसले तर रुग्णालय गाठावे. तापात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये.

डासांच्या भीतीने झाडे काढायची गरज नाही. प्रत्येक सोसायटीने रविवारची सकाळ ठरवून घ्यावी आणि सगळ्या मजल्यांवर त्याच वेळी ताटल्या घासाव्यात. एका घराने केले आणि शेजारच्याने केले नाही, तर त्या कष्टांचा फायदा अर्धाच.