वाळूत अनवाणी चालण्याआधी तळवे बघा

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घरातली नऊ माणसं दापोलीजवळच्या मुरुडला गेलो होतो. एक दिवस नुसतं किनाऱ्याने चालायचं ठरलं. सकाळी ओहोटी होती. पाणी सरलं की ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट होते. तिच्यावरून आम्ही कर्द्याच्या दिशेने रमतगमत निघालो.

माझ्या वहिनींना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. ‘वाळूत अनवाणी चाललं की साखर उतरते’ असं कुणीतरी सांगितलेलं. त्यांनी चपला पिशवीत टाकल्या. मी मुलांबरोबर पुढे होते, लक्ष दिलं नाही.

परतताना बारा वाजून गेले. भरतीचं पाणी चढल्यामुळे वरच्या कोरड्या, तापलेल्या वाळूतून यावं लागलं. ‘पाय भाजतात’ म्हणत मुलं पाण्याकडे पळाली. वहिनी शांतपणे चालत राहिल्या. आम्हाला कौतुक वाटलं! संध्याकाळी बघितलं तर दोन्ही तळव्यांना फोड आणि टाचेत शिंपल्याचा तुकडा रुतलेला. वहिनींना काहीच कळलं नव्हतं.

भगिनींनो, ही सहनशक्ती नव्हे, ही बधिरता आहे. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायांच्या नसा खराब होतात. वेदना ही आपली राखणदार, तीच झोपते. रक्तपुरवठाही कमी झाला असेल तर जखम चिघळते. नर्स म्हणून मी पाय कापावे लागलेले रुग्ण सांभाळले आहेत. अनेकांची सुरुवात एवढ्याशाच जखमेने झाली होती. म्हणून माझं स्पष्ट मत आहे : अनवाणी चालण्याचा सल्ला सरसकट देणं आपण थांबवलं पाहिजे.

चालणं मात्र थांबवू नका. चालण्याने साखर आटोक्यात राहते, मनही हलकं होतं. फक्त एवढं पाळा :

• मधुमेह असेल तर वाळूतही मोजे आणि बंद बूट घाला. घालण्याआधी बूट झटका.
• भरती-ओहोटीची वेळ गावात विचारा. ओहोटीनंतर साधारण सहा तासांनी भरती येते. परतीचा हिशेब आधीच करा. ऊन चढण्याआधी परता.
• भुसभुशीत वाळूत रस्त्यापेक्षा दुपटीच्या आसपास शक्ती लागते. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखर ठेवा. घाम, थरथर, चक्कर जाणवली की लगेच खा, बसा.
• भाजलं तर २० मिनिटं साधं गार पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद लावू नका, फोड फोडू नका. मधुमेह असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
• वर्षातून एकदा तरी पायांची संवेदना तपासून घ्या. नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून ही तपासणी होते, दुखत नाही.

वहिनींचे फोड भरायला पाच आठवडे लागले. आता रोज रात्री दादा चष्मा लावून त्यांचे तळवे बघतो. पहिल्या दिवशी त्या संकोचल्या, “नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा?” मी म्हटलं, “वहिनी, लावायचा. आयुष्यभर घरासाठी तुम्हीच चालत आलात ना?”

आज रात्री तुमच्याही घरातल्या आईचे, बायकोचे तळवे दिव्याखाली बघा.