वाढत्या आकड्यांची भीती

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाला की विधिमंडळांत आणि वृत्तपत्रांत एक ठरावीक वाद रंगतो. बलात्काराचे आकडे वाढलेले असले तर विरोधी पक्ष गृहमंत्र्यांचा राजीनामा मागतात. घटलेले असले तर गृहखाते स्वतःची पाठ थोपटून घेते. दोन्ही बाजूंचे गृहीत मात्र एकच असते. नोंदलेला गुन्हा म्हणजेच घडलेला गुन्हा, असे दोघेही धरून चालतात. हे गृहीत चुकीचे तर आहेच, पण ज्या स्त्रियांच्या नावाने हा वाद घातला जातो त्यांना ते अपायकारकही आहे. गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असा इशारा खुद्द या विभागानेच दिलेला आहे. परंतु अहवालातील कोष्टके वाचणारे पुष्कळ आणि त्यांवरील टिपा वाचणारे थोडे, अशी स्थिती आहे.

देशात बलात्काराची स्वतंत्र गणना १९७१ पासून होऊ लागली. त्या वर्षी २,४८७ गुन्हे नोंदले गेले. २०१२ मध्ये ही संख्या २४,९२३ होती आणि पुढच्याच वर्षी ती ३३,७०७ झाली. दिल्लीत तर याच एका वर्षात ती ७०६ वरून १,६३६ वर गेली. राजधानीतील पुरुषांची दुष्टबुद्धी बारा महिन्यांत दुपटीहून अधिक वाढली, असा याचा अर्थ कोणी शहाणा मनुष्य करणार नाही. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेने देश हादरला, न्यायमूर्ती वर्मा समितीने अहवाल दिला आणि २०१३ मध्ये कायदा बदलला. बलात्काराची व्याख्या व्यापक झाली, संमतीचे वय सोळावरून अठरा झाले आणि अशा गुन्ह्याची खबर नोंदवून न घेणाऱ्या पोलिसास तुरुंगवासाची तरतूद झाली. स्त्रियाही अधिक संख्येने पुढे आल्या. या वाढीत कायद्याचा, नोंदीचा आणि प्रत्यक्ष गुन्ह्यांचा वाटा किती, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही.

नोंदीबाहेर किती राहते, याची थोडी कल्पना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून येते. २०१९ ते २०२१ या काळातील पाहणीत, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितल्याचे आढळले. तीही बहुतेकींनी मागितली ती माहेरच्या माणसांकडे. पोलीस ठाण्याची पायरी चढणारी स्त्री ही मोठ्या समुदायातील अपवाद असते. त्या अपवादाचे ठाण्यात काय होते, यावर देशाचा आकडा ठरतो.

हा आकडा दिल्लीत तयार होत नाही. तो ठाणे अंमलदाराच्या टेबलावर जन्मतो. समोर बसलेल्या स्त्रीची हकीकत प्रथम खबर म्हणून लिहावयाची, अदखलपात्र म्हणून एका ओळीत संपवायची, की ‘तक्रार अर्ज’ म्हणून चौकशीवर ठेवायची, हे प्रथम तो ठरवतो. बलात्काराच्या प्रयत्नाऐवजी विनयभंगाचे कलम लावले की एक गुन्हा एका रकान्यातून दुसऱ्यात जातो. त्यातच एका प्रकरणात अनेक गुन्हे असले तर त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच मोजावा, असा गणनेचा नियम आहे. या नियमामुळे बलात्कार करून केलेला खून केवळ खुनात जमा होई. अलीकडे त्यासाठी स्वतंत्र शीर्षक करावे लागले.

महागाई वाढल्यास बाजारात भाव टिपणाऱ्या कर्मचाऱ्यालाच जाब विचारला जाईल, अशी व्यवस्था केली तर भावांचा निर्देशांक आपोआप खाली येईल, पण गृहिणीची पिशवी स्वस्तात भरणार नाही. पोलीस खात्यात नेमकी हीच व्यवस्था आहे. हद्दीत गुन्हे वाढले की ठाण्याच्या प्रमुखास वरिष्ठांच्या बैठकीत उत्तर द्यावे लागते. गुन्हा नोंदवणाऱ्याला शिक्षा आणि टाळणाऱ्याला शाबासकी मिळणार असेल, तर तो काय करील हे सांगण्यास मोठ्या शास्त्राची गरज नाही. तक्रारी न नोंदवण्याच्या या रोगाची चर्चा राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९८० सालीच केली होती.

राजस्थान सरकारने २०१९ मध्ये हा रोग हटवण्याचा प्रयत्न केला. ठाण्यात गुन्हा दाखल न झाल्यास पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात तो नोंदवण्याची सोय झाली. त्या राज्यात २०१८ मध्ये बलात्काराचे ४,३३५ गुन्हे नोंदले होते. २०१९ मध्ये ते ५,९९७ झाले आणि राजस्थान देशात पहिल्या क्रमांकावर आले. सारीच वाढ नोंदीमुळे झाली असे म्हणता येणार नाही. तथापि, दार उघडणाऱ्या राज्याच्या पदरी बदनामी पडली आणि दार बंद ठेवणारी राज्ये सोज्वळ ठरली, हे खरे.

हा दोष केवळ आपलाच आहे असे नाही. इंग्लंड व वेल्समध्ये २०१४ साली पोलीस निरीक्षणालयाने दप्तरे तपासली, तेव्हा पोलिसांकडे आलेल्या लैंगिक गुन्ह्यांपैकी २६ टक्के नोंदलेच गेले नव्हते, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षाच्या आरंभी तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसी आकड्यांचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा काढून घेतला होता. आपल्याकडे पोलिसांच्या आकड्यांना अशा परीक्षेस बसवणारी स्वतंत्र संस्था नाही.

प्रशिक्षणाचा प्रश्न येथे येतो. महाराष्ट्राला तो नवा नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत याकडे बोट दाखवून, दोन पोलिसांना निर्दोष सोडले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये त्यावर खुले पत्र लिहिले आणि १९८३ मध्ये कायदा सुधारला गेला. कायदा बदलला, पण ‘खुणा कुठे आहेत?’ हा प्रश्न ठाण्यांतून गेला नाही. प्रा. मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखालील पोलीस प्रशिक्षण समितीने १९७३ मध्येच, कवायत आणि कलमे यांच्या पलीकडे जाऊन पोलिसाची वृत्ती घडवण्यावर भर दिला होता. अद्यापही परिसंवाद होतात ते अधिकाऱ्यांसाठी. रात्रपाळीच्या हवालदाराने भेदरलेल्या स्त्रीचा जबाब कसा घ्यावा, तिच्या हकीकतीतील विस्कळीतपणा हा खोटेपणाचा पुरावा का नव्हे, हे शिकवण्याची वेळ येते तेव्हा बंदोबस्त आडवा येतो. पोलीस दलांत ३३ टक्के स्त्रिया असाव्यात अशी केंद्राची शिफारस आहे; देशातील प्रत्यक्ष प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

सरसकट नोंद केल्यास खोट्या तक्रारी वाढतील, असा आक्षेप घेतला जातो. खोट्या तक्रारी असतात आणि त्यांतून निरपराध माणसे भरडली जातात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु खरेखोटे तपासानंतर ठरते, तपासाआधी नव्हे. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केले. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने मात्र तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीने, चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा दिली आहे. विनयभंगाचा गुन्हा या मर्यादेत बसतो. या चौदा दिवसांत गावकीचे व नातलगांचे किती दडपण त्या मुलीवर येईल, याचा विचार ही मुभा वापरणाऱ्याने करावयास हवा.

उपाय अवघड नाहीत. पोलीस ठाण्याचे मूल्यमापन गुन्ह्यांच्या घटीवर करणे प्रथम थांबवले पाहिजे. तक्रार आल्यापासून नोंद होईपर्यंत किती वेळ गेला, किती अर्ज नोंदीविना पडून राहिले, किती खटले न्यायालयात टिकले, हे मोजावे. ठाण्याच्या डायरीचा आणि गुन्हा नोंदवहीचा मेळ दरवर्षी बाहेरच्या तपासनिसांनी घालावा आणि त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करावेत. ठाणे अंमलदाराचे प्रशिक्षण हा केवळ सौजन्याचा नव्हे, तर राष्ट्रीय सांख्यिकीचाही भाग समजावा. आणि नोंद वाढली म्हणून एखाद्या जिल्ह्याच्या अधीक्षकाची बदली मागण्यापूर्वी, शेजारच्या जिल्ह्यात ती का वाढली नाही, हे लोकप्रतिनिधींनी विचारावे. तो प्रश्न जोवर सभागृहात विचारला जात नाही, तोवर ठाण्यातून परत पाठवलेल्या स्त्रीची गणना कोणत्याच अहवालात होणार नाही.