गुळवेलीचा वाद आणि सर्पगंधेचा इतिहास

कडुनिंबावर चढलेली गुळवेल गुणाने श्रेष्ठ, ही समजूत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत फार जुनी आहे. ज्या वनस्पतीला संस्कृतात ‘अमृता’ असे नाव मिळाले, तिच्यामुळे यकृताला इजा होते असे कोणी म्हटले, तर ते कानाला खटकणारच. म्हणूनच २०२१ मध्ये मुंबईतील काही यकृतविकारतज्ज्ञांनी सहा रुग्णांची हकीगत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली, तेव्हा वादाला तोंड फुटले. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून हे रुग्ण गुळवेल घेत होते. केंद्रीय आयुष मंत्रालयाचा आक्षेप असा की, त्यांनी सेवन केलेली वेल गुळवेलच होती याची खातरजमा झालेली नाही. तिच्यासारखी दिसणारी दुसरी एखादी जात तिच्या नावाने घेतली गेली असण्याचा संभव आहे.

आक्षेप गैरलागू नव्हता. किंबहुना, तो घेणाऱ्यांना वाटला असेल त्याहून दूरवर पोहोचणारा होता. वेलीच्या ओळखीबद्दल जाणकारांतच शंका निघत असेल, तर बाजारात गुळवेल म्हणून मिळणाऱ्या चूर्णात नेमके काय आहे, हे रुग्णाने कसे ओळखावे? पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतील अनेकांत स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या प्रतिकारशक्तीच्या खुणा आढळल्या. प्रतिकारशक्तीला चेतवणारे द्रव्य अशा प्रकृतीच्या माणसाला बाधावे, यात तर्कविसंगत काही नाही. अर्थात गुळवेल घेणारे असंख्य असताना ४३ हा आकडा लहानच. परंतु किती जणांनी घेतली आणि किती जणांना बाधली, याची मोजदादच नसल्याने धोका मोठा की नगण्य, हे कोणत्याच पक्षाला छातीठोकपणे सांगता येत नाही.

मुंबईशीच निगडित असलेले एक जुने प्रकरण येथे आठवावे. सर्पगंधेची मुळी उन्माद व निद्रानाश यांवर आपल्याकडे दीर्घकाळ वापरात होती. ती रक्तदाबही उतरवते, असे १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी नोंदवले. तथापि जगाचे लक्ष वेधले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. १९४९ मध्ये त्यांनी पन्नास रुग्णांवरील निरीक्षणे ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडली. मुळीची थोरवी गाण्यात त्यांनी शब्द खर्चले नाहीत; रक्तदाब किती उतरला आणि त्रास कोणता झाला, हे नोंदवले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी याच मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक लाभले.

कथा येथे संपत नाही. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना तीव्र औदासीन्य आल्याचे अहवाल पन्नासच्या दशकातच येऊ लागले. त्यामुळे सर्पगंधेची बदनामी झाल्याचा गिल्ला कोणी केला नाही. मात्रा कमी करण्यात आली, आणि औदासीन्याची प्रवृत्ती असलेल्यांना हे औषध देऊ नये, असे ठरले. अपायाची नोंद झाली म्हणूनच उपाय अधिक सुरक्षित झाला.

गुळवेलीच्या वाट्याला ही शिस्त आलेली नाही. ग्रंथोक्त आयुर्वेदीय औषधांना परवाना देताना नव्या रुग्णचाचण्यांची अट नसते, ग्रंथाधार पुरतो. परंतु ग्रंथातील औषध वैद्य नाडी व प्रकृती पाहून, ठराविक काळापुरते देत असे. मोबाइलवर आलेला निरोप वाचून महिनोन् महिने काढा पिणे या परंपरेत कोठे बसते? ‘नैसर्गिक ते निरुपद्रवी’ हे सूत्र तर धोतऱ्याचे बी ओळखणाऱ्या शेतकऱ्यालाही हास्यास्पद वाटेल.

आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी सरकारी यंत्रणा आज अस्तित्वात आहे. मात्र नोंद तेथवर पोहोचण्यासाठी कोणीतरी विचारावे लागते. काविळीने पिवळा झालेला रुग्ण मद्यपानाविषयी प्रश्न झाला की गप्प बसतो. घरचा काढा हे औषधच नव्हे अशी त्याची समजूत असते, आणि त्याच्या केसपेपरावर काढे, चूर्णे, आसवे यांसाठी वेगळा रकाना क्वचितच आढळतो.