अपुऱ्या आवृत्तीची पारख
संगणकाची कार्यप्रणाली सर्वांगपरिपूर्ण होईपर्यंत तिच्या वाटेस जाऊ नये, हा व्यवहारी लोकांचा दंडक रास्त असला, तरी ती परिपूर्णता कोणीतरी आधी घेतलेल्या परीक्षेतूनच सिद्ध होते, याचा विसर पडू नये. वर्ध्यालगतच्या बोरगाव मेघे येथे एका जुन्या नेटबुकवर लिनक्सची बीटा, म्हणजे चाचणीसाठीची अपुरी, आवृत्ती मी चालवून पाहिली. पेनड्राइव्हवरून ती सुरू केल्यामुळे मूळ हार्डडिस्कला यत्किंचितही धक्का लागला नाही, परंतु अवघ्या ६०० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर सेटिंगची खिडकी मावेना आणि तिच्या तळाचे बटण दृष्टीआड राहिले, तेव्हा ऑल्ट कळ दाबून माउसने ती खिडकीच वर सरकवावी लागली. प्रशस्त पडद्यासमोर बसणाऱ्या रचनाकाराच्या ध्यानी असा दोष येणे दुरापास्त. तो लहान यंत्राच्या मालकानेच, यंत्राचा तपशील आणि दोष उद्भवण्याचा क्रम यांसह, रीतसर कळवावयास हवा. रायगड जिल्ह्यातील खैरातच्या प्राथमिक शाळेत २००७ साली लिनक्सवर चालणारे, २५६ मेगाबाइट मेमरीचे, शाळकरी मुलांसाठी बनवलेले एक्सओ लॅपटॉप तेथील मुलांच्या हाती आले, तेव्हा त्या यंत्रांची खरी पारख प्रयोगशाळेबाहेरच, त्या वर्गात सुरू झाली. ज्या वर्ध्यात १९३७ साली हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार राष्ट्रापुढे मांडला गेला, तेथील विद्यार्थ्यांनी तर लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीचे निव्वळ उपभोक्ते न राहता, तिचे दोष शोधून व मराठी अनुवाद तपासून, तिच्या घडणीतील आपला हक्क आवर्जून बजावावा.