दप्तर आहे, पण वाचणार कोण?

बँकेचा व्यवसाय पैशाचा म्हणून ओळखला जातो. परंतु मुळात तो स्मरणाचा व्यवसाय आहे. कोणी, केव्हा, किती रक्कम ठेवली आणि कोणाचे किती देणे लागते याचा विसर पडणार नाही, अशी खात्री जिच्याविषयी असते, त्या संस्थेकडेच लोक आपली पुंजी निर्धास्तपणे सोपवितात. रोजकीर्द आणि खतावणीच्या कापडी बांधणीच्या जाडजूड वह्यांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. गेल्या चार दशकांत ते यंत्रांकडे आले. यंत्रांची अडचण अशी, की वह्यांच्या मानाने त्यांना वार्धक्य फार लवकर येते. म्हणूनच जुन्या संगणक कार्यप्रणाली आणि जुन्या डिस्क चालू स्थितीत ठेवाव्यात की मोडीत काढाव्यात, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांपुरता राहत नाही. त्याचा संबंध थेट खातेदाराच्या विश्वासाशी आहे.

वह्यांपासून फ्लॉपीपर्यंत

डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाची आणि १९८९ मध्ये दुसऱ्या समितीने संगणकीकरणाची दिशा आखून दिली. प्रथम शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशिन आले, नंतर संपूर्ण शाखेचे संगणकीकरण झाले. त्या काळी प्रत्येक शाखा म्हणजे एक स्वतंत्र बेट होते. कोठे डॉस, कोठे युनिक्स, कोठे नॉव्हेल नेटवेअर. दिवसअखेरीचे काम आटोपले की त्या दिवसाच्या नोंदींची प्रत फ्लॉपीवर किंवा टेपवर घ्यायची, तिच्यावर तारीख लिहायची आणि ती कुलुपात ठेवायची, हा शिरस्ता त्या पिढीतील कर्मचाऱ्यांच्या हाडीमाशी खिळला होता.

पुढे कोअर बँकिंग आले आणि ही बेटे एकमेकांना जोडली गेली. परंतु स्थलांतराच्या वेळी मुख्यतः चालू खाती आणि त्यांच्या शिलका नव्या प्रणालीत गेल्या. त्याआधीचा तपशील अनेक ठिकाणी जुन्या सर्व्हरच्या डिस्कवर, टेपवर आणि फ्लॉपींच्या डब्यांतच राहिला.

हा तपशील म्हणजे अडगळ, असे कायदाही मानीत नाही. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टमध्ये २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने दुरुस्ती केली. तेव्हापासून फ्लॉपी, डिस्क वा टेप यांवर साठविलेल्या माहितीची मुद्रित प्रतही ‘बँकेची वही’ ठरते. अशी प्रत न्यायालयापुढे ठेवताना सोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. माहिती त्या साधनावर कशी उतरविली, तिची पडताळणी कशी केली, ती साधने ओळखायची कशी आणि कोणाच्या ताब्यात कशी ठेवली, हे त्यात नमूद करावे लागते. थोडक्यात, कायद्याने फ्लॉपीला खतावणीचा मान दिला आहे. तो मान राखण्याची जबाबदारी बँकेची आहे.

दहा वर्षांनंतरचा दावा

जुने अभिलेख ठरावीक मुदतीनंतर नष्ट करता येतात, मग ही यातायात कशासाठी, असे कोणी विचारील. नियमांनी काही नोंदींसाठी ५, तर काहींसाठी ८ वर्षांची मुदत सांगितली आहे, हे खरे. परंतु खातेदाराचा हक्क त्या मुदतीने संपत नाही. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यांतील रक्कम २०१४ च्या योजनेनुसार ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. पण ठेवीदार किंवा त्याचे वारस नंतर केव्हाही आले, तरी त्यांना ती बँकेकडून मागता येते. अशा ठेवी शोधणे सोपे व्हावे म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळही सुरू केले.

आजोबांच्या पेटीत सापडलेली १९९० च्या दशकातील मुदत ठेवीची पावती घेऊन एखादी नात शाखेत येते, तेव्हा खरी परीक्षा होते. पावती तिच्या हातात असते, पण बँकेची स्वतःची नोंद कोठे असते? नव्या प्रणालीत ती सापडली तर उत्तमच. न सापडल्यास जुन्या डब्यातील एखादी फ्लॉपी हा एकमेव दुवा उरतो. ती फ्लॉपी वाचणारे यंत्र नसेल, तर बँकेने माहिती जपली असे म्हणण्याला काय अर्थ?

साधनांचे आयुष्य

साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइट माहिती मावते. आजच्या मोबाइलमधील एका छायाचित्रालाही ती जागा पुरणार नाही. तिची चुंबकीय चकती दमट हवेत बुरशी धरते, आणि कोकण किंवा केरळच्या पावसाळ्यात हे काम वेगाने होते. ड्राइव्हचे वाचक शीर्ष किंचित सरकले, तर एका ड्राइव्हने लिहिलेली फ्लॉपी दुसऱ्या ड्राइव्हला वाचता येत नाही. हार्ड डिस्क वर्षानुवर्षे बंद राहिली की तिच्या फिरत्या भागांतील वंगण आळते. मदरबोर्डवरची बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाऊन टाकते, आणि जुने कपॅसिटर फुगतात. अशा यंत्राला पडलेला सुटा भाग बाजारात मिळेलच असे नाही. फ्लॉपी विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी सोनीने जपानमधील आपली विक्री मार्च २०११ मध्ये थांबविली.

हा प्रश्न भारतापुरता मर्यादित नाही. अमेरिकेच्या अण्वस्त्र दलांच्या संदेश यंत्रणेचा एक भाग १९७० च्या दशकातील संगणकावर आणि आठ इंची फ्लॉपीवर चालतो, असे तेथील लेखापरीक्षण कार्यालयाने २०१६ मध्ये जाहीर केले. त्या फ्लॉपी २०१९ मध्ये बदलण्यात आल्या. सरकारी नियमांत फ्लॉपीवरच अर्ज सादर करण्याची सक्ती करणाऱ्या एक हजाराहून अधिक तरतुदी जपानमध्ये होत्या. त्या जवळजवळ सर्व २०२४ च्या मध्यापर्यंत रद्द झाल्या.

ब्रिटनचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १०८६ मधील ‘डूम्सडे बुक’ या जमीन-महसुलाच्या नोंदवहीला ९०० वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये देशाची नवी नोंदवही लेझर डिस्कवर तयार केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी तिच्यासाठी माहिती दिली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि २००२ च्या सुमारास संशोधकांना जुन्या संगणकाची नक्कल करणारी प्रणाली बनवून ती माहिती सोडवावी लागली. चामड्यावर लिहिलेली मूळ वही मात्र नऊ शतकांनंतरही डोळ्यांनी वाचता येत होती.

मराठी वाचकाला याहून जवळचा दाखला हवा असेल, तर तो मोडीचा. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे ढीग आहेत. कागद टिकले, शाई टिकली. उणे पडले ते वाचणारे. डिस्कच्या बाबतीत अवस्था अधिक बिकट आहे, कारण तेथे वाचणारा माणूस आणि वाचणारे यंत्र, दोन्ही लागतात.

जपणे वेगळे, जुंपणे वेगळे

तथापि, जुने यंत्र जपावे याचा अर्थ ते रोजच्या कामाला जुंपून ठेवावे, असा मुळीच नव्हे. ‘चालते आहे ना, मग हात कशाला लावता’ ही वृत्ती कार्यालयांमध्ये रुजलेली दिसते. ती किती महाग पडते, हे विंडोज एक्सपीने दाखवून दिले. २००१ मध्ये आलेल्या या कार्यप्रणालीचा आधार निर्मात्याने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविला. म्हणजेच त्यानंतर तिच्यात सापडणाऱ्या त्रुटी नियमितपणे बुजविल्या जाणार नव्हत्या. तरीही अनेक एटीएम यंत्रे तिच्यावरच चालत राहिली. अखेर रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ च्या परिपत्रकाद्वारे आधार संपलेल्या कार्यप्रणाली टप्प्याटप्प्याने बदलण्याचा आदेश दिला आणि जून २०१९ ही अंतिम मुदत ठरवून दिली.

दरम्यान, मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेच्या आसपास देशांतील संगणकांना कुलूप घातले. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील हजारो रुग्णांच्या नियोजित भेटी त्यामुळे रद्द झाल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिच्यावरचा उपाय चालू कार्यप्रणालींसाठी दोन महिने आधीच उपलब्ध होता. जेथे तो वेळेवर बसविला गेला नाही किंवा जेथे प्रणालीच आधारबाह्य होती, तेथे दार उघडे राहिले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही संपला आहे. हाच धडा पुन्हा गिरवण्याची वेळ कोणावर येऊ नये.

तेव्हा दोन टोके टाळली पाहिजेत. आधारबाह्य यंत्र नेटवर्कवर ठेवून त्यावर ग्राहकांचे व्यवहार करणे हे एक टोक; जागा अडते म्हणून सर्व काही भंगारात देणे हे दुसरे. निवृत्त झालेल्या जाणकार कर्मचाऱ्याकडून कोणी रोजच्या काउंटरची अपेक्षा करीत नाही, पण अडल्या वेळी त्याचा सल्ला मोलाचा असतो. जुन्या यंत्राचे स्थानही तेच असावे.

काय करता येईल

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही; गरज आहे ती शिस्तीची. प्रत्येक विभागाने आपल्याकडील जुन्या डिस्क, टेप आणि फ्लॉपींची यादी करावी: त्यावर काय आहे, कोणत्या प्रणालीवर लिहिले, कोणत्या तारखेचे आहे. नंतर त्यांची निव्वळ फाइलपुरती नव्हे, तर पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत हुबेहूब प्रत काढावी आणि त्या वेळी मूळ साधनावर काहीही लिहिले जाणार नाही याची काळजी घ्यावी. प्रत मूळाशी पडताळून तसे लेखी प्रमाणित करावे. जुना प्रोग्राम आजच्या संगणकात आभासी यंत्राच्या रूपाने चालविता येतो. तसे झाले की जुन्या लोखंडावरचे अवलंबन कमी होते. तरीही प्रत्येक प्रकारचे एकदोन मूळ ड्राइव्ह आणि एक संगणक, नेटवर्कपासून पूर्ण अलग, चालू स्थितीत ठेवावेत आणि ठरावीक काळाने सुरू करून पाहावेत. ज्या साधनांचे काम खरोखर संपले, त्यांवरील माहिती परत मिळणार नाही अशा रीतीने नष्ट करावी. ग्राहकांची माहिती असलेली डिस्क भंगारवाल्याच्या हाती जाणे हा विश्वासघातच होय.

यंत्रांइतकाच माणसांचाही विचार व्हावा. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, बेरोजगारी भत्त्याची जुनी प्रणाली सावरण्यासाठी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर साद घालावी लागली होती. बँकांमध्येही दिवसअखेरीचा क्रम, फाइलींची रचना, त्रुटी संदेशांचे अर्थ हे सारे एका पिढीच्या डोक्यात आहे, आणि ती पिढी निवृत्त होत आहे. निरोप समारंभात शाल-श्रीफळ देण्याआधी त्यांच्या अनुभवाची टिपणे तयार करून घेतली, तर तो सन्मान अधिक अर्थपूर्ण ठरेल.

ग्राहकांचाही यात वाटा आहे. जुनी पासबुके आणि ठेवपावत्या रद्दीत टाकू नयेत. खात्यात वर्षाकाठी एखादा व्यवहार करावा आणि वारसाची नोंद अद्ययावत ठेवावी. घरगुती हिशेब किंवा दुकानाची खाती जुन्या सीडीवर, फ्लॉपीवर असतील, तर ती वाचता येत आहेत तोवर नव्या साधनावर उतरवावीत. आधार संपलेल्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून बँकेचे व्यवहार करू नयेत.

जुन्या फ्लॉपींचा डबा दिसायला क्षुल्लक असतो. पण त्यावरच्या प्रत्येक तारखेमागे त्या दिवशी शाखेत आलेली माणसे आहेत. कोणी पगार जमा केला, कोणी मुलीच्या शिक्षणासाठी ठेव ठेवली. त्यांच्यापैकी कोणाचाही वारस उद्या येऊन आपली नोंद विचारू शकतो. त्याला ती वाचून दाखविण्याची तजवीज आजच झाली पाहिजे. कारण फ्लॉपी आणि ती वाचू शकणारी माणसे, दोन्ही फार काळ थांबणार नाहीत.