पाणलोटाची नोंदवही गावाकडे असावी

चिमूर भागातील टेकड्यांत उगम पावणारी इरई नदी दक्षिणेकडे वाहत येऊन वर्धा नदीस मिळते. वर्धा पुढे वैनगंगेस मिळते आणि या दोहींचा प्रवाह प्राणहिता या नावाने गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेवरून गोदावरीकडे जातो. चंद्रपूरजवळ इरईवर धरण बांधलेले असून त्याच्या जलाशयातूनच ऊर्जानगर येथील महाऔष्णिक विद्युत केंद्रास आणि चंद्रपूर शहरास पाणी मिळते. या केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज त्याची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट आहे. केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांसाठी दर मेगावॅट-तासास ३.५ घनमीटर पाण्याची मर्यादा घालून दिली. या मर्यादेत राहूनही केंद्र पूर्ण क्षमतेने चालले, तर त्यास दिवसाकाठी सुमारे २४ कोटी ५० लाख लिटर पाणी लागेल. २०१० च्या उन्हाळ्यात जलाशयातील साठा खालावला, तेव्हा पाण्याअभावी येथील संच बंद ठेवण्याची पाळी आली होती. एका लहान नदीवर केवढा भार आहे, हे यावरून ध्यानात यावे.

हे पाणी जलाशयात येते ते वरच्या अंगाच्या रानांतून, शेतांतून व नाल्यांतून. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले, हा हिशोब प्रत्येक शेतकऱ्याने पाठ करण्याजोगा आहे. या जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे प्रत्येक हेक्टरावर सव्वा कोटी लिटरांच्या आसपास पाणी उतरते. त्यातील किती मुरते आणि किती वाहून जाते, तसेच वाहून जाताना ते किती माती, खत व औषध सोबत नेते, हे त्या शेताचे धुरे, उतार व झाडोरा ठरवितात. म्हणून पाणलोटाचे रक्षण हे केवळ धरणाच्या भिंतीपाशी होणारे काम नव्हे. ते शेताच्या बांधावर व नाल्याच्या काठावर होते, आणि तेथे शासनाचा अधिकारी बाराही महिने उभा राहू शकत नाही.

संशोधनाचा उपयोग कोणास?

या भागात संशोधनाची वाण आहे असे म्हणता येणार नाही. नागपूर येथे १९५८ साली स्थापन झालेली राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, तसेच मृद सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. सिंदेवाही येथे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे भात संशोधनाचे केंद्र आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पाणीपातळी नियमाने मोजते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूरचा अंक ८३.८८ निघाला आणि देशात चंद्रपूर चौथे ठरले. मापन झाले, अंक निघाले, अहवालही तयार झाले.

परंतु या अंकांचा अर्थ शेतकऱ्यापर्यंत कितपत पोहोचला? ज्या विहिरीतून नमुना नेला जातो, त्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या कुटुंबास निकाल समजेल अशा शब्दांत सांगितला जात नसेल, तर ते संशोधन अपुरे समजले पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. हा खडकातून विरघळून येणारा दोष आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते व दुसरी सोय नसल्यास दीड मिलिग्रॅमपर्यंत. याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात व मोठ्यांची हाडे आणि सांधे जखडतात. पाणी उकळल्याने हा दोष जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. नायट्रेटचेही तसेच आहे. त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम असून विहिरीलगतचा उकिरडा, शौचालयाचा शोषखड्डा आणि गरजेहून अधिक टाकलेला युरिया ही त्याची नेहमीची कारणे होत. जंतुदोष मात्र उकळण्याने व विरंजक चूर्णाने दूर होतो. तीन दोषांवर तीन निराळे उपाय आहेत. कोणता दोष आहे हे ठाऊक नसलेली माउली पाणी निष्ठेने उकळत राहते आणि मुलाचे दात तरीही बिघडतात. ही हानी पाण्याइतकीच अज्ञानाचीही आहे.

नोंदवहीत काय असावे?

यास्तव प्रत्येक गावाने आपल्या पाणलोटाची एक नोंदवही ठेवावी व ती ग्रामपंचायतीत कोणासही पाहता यावी. तीत फार काही लिहावयाचे नाही. गावातील चार-पाच ठरावीक विहिरींची पाणीपातळी मे महिन्याच्या अखेरीस व पावसाळा संपल्यावर दोरीने मोजून लिहावी. साध्या पर्जन्यमापकाने रोजचा पाऊस नोंदवावा. पहिल्या मोठ्या पावसानंतर नाल्याचे पाणी काचेच्या उभ्या बाटलीत भरून रात्रभर स्थिर ठेवावे आणि तळाशी किती बोटे गाळ बसला ते टिपावे. दरवर्षी त्याच जागी व तशाच बाटलीत हे केले, म्हणजे बांधबंदिस्तीने माती अडली की नाही याचा पुरावा गावास आपोआप मिळतो.

पिण्याच्या पाण्याच्या तपासणीसाठी जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना क्षेत्रीय तपासणी संच हाताळण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. या स्त्रियांनी काढलेले निकाल याच वहीत यावेत. संचाने शंका दाखविली, तर नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा. जंतुपरीक्षेसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरावी, ती विसळू नये, आणि थंड ठेवून चोवीस तासांच्या आत पोहोचवावी. रासायनिक परीक्षेची बाटली मात्र त्याच पाण्याने तीनदा विसळून मग भरावी. एवढी दक्षता न घेतल्यास निकाल चुकीचा येतो व लोकांचा विश्वास उडतो.

खेडुतांस हे जमेल काय?

अडाणी माणसाच्या हाती शास्त्र देऊन काय होणार, असा आक्षेप काही सुशिक्षित घेतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील जुने तलाव या आक्षेपास उत्तर देतात. गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या जाणकारांनी उतार, माती व पाणी यांचा अचूक अंदाज घेऊन हे तलाव बांधले. आज माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशा तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. मालगुजारी १९५१ साली संपली. तलाव शासनाकडे गेले आणि पाळीची डागडुजी व गाळ काढणे ही गावाने आपली म्हणून करावयाची कामे हळूहळू मागे पडली. ज्ञान नाहीसे झाले ते गावकरी अडाणी होते म्हणून नव्हे, तर जबाबदारी त्यांच्या हातून गेली म्हणून.

जबाबदारी परत आली की ज्ञानही परत येते. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत ढिवर समाजातील स्त्रीपुरुषांनी तलावांतील बेशरमाची झुडपे उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, आणि कोणती वनस्पती कोणत्या माशास उपयोगी पडते याचे आपले ज्ञान संशोधकांपुढे मांडले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने निर्णय घेण्यापूर्वी अभ्यासगटात विषयाचा अभ्यास करण्याची प्रथा पाडली. २००९ साली सामूहिक वनहक्क मान्य झालेल्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. तेथे तज्ज्ञास बोलाविले जाते, त्याचे ऐकले जाते, व निर्णय ग्रामसभा घेते. विस्तारकार्याची हीच खरी रीत होय.

खालच्या गावांचे व उद्योगांचे कर्तव्य

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा आहे व तो अधिक वजनदार आहे. खाणी, कारखाने आणि शहराचे सांडपाणी नदी नासवीत असता शेतकऱ्यालाच बांध घालावयास व वही लिहावयास का सांगावे? हा प्रश्न रास्त आहे. वरच्या गावाने माती अडविली, तर जलाशय कमी गाळाने भरतो आणि त्याचा लाभ वीज केंद्रास व शहरास मिळतो. म्हणून त्या बांधबंदिस्तीच्या खर्चात लाभ घेणाऱ्यांनीही वाटा उचलणे न्यायाचे आहे. औष्णिक केंद्रांनी ५० किलोमीटरच्या आतील सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पांचे पाणी वापरावे, असे केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणाने सांगितले आहे. नागपूरचे सांडपाणी शुद्ध करून कोराडी व खापरखेडा येथील वीज केंद्रांना देण्यात येते. जेथे असे पाणी वापरता येते, तेथे नदीच्या ताज्या पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा व शेतीचा राहावा.

तथापि न्याय मागावयाचा तर पुरावा हाती हवा. पाणी पूर्वी बरे होते, आता बिघडले, असे तोंडी सांगणाऱ्या गावास कचेरीत कोणी उत्तर देत नाही. पाच वर्षांच्या नोंदी तारीखवार दाखविणाऱ्या गावास उत्तर द्यावेच लागते. तीच वही गावाचे स्वतःचे दोषही दाखवील: विहिरीपासून पंधरा मीटरांच्या आत असलेला उकिरडा, नाल्यात धुतलेला फवारणीचा पंप, काठापर्यंत केलेली नांगरट. हे दोष आधी दूर करणाऱ्या गावाचे बोलणे अधिक वजनाचे ठरेल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंदा एकच काम नेटाने करावे. १ मे च्या ग्रामसभेत वहीचे पहिले पान मोठ्याने वाचावे आणि पावसाळ्यानंतर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दुसरे वाचावे. संशोधन संस्थांनीही आपल्या भागातील नमुन्यांचे निकाल त्याच सभेत, मराठीतून, येऊन सांगावेत. ज्यांच्या विहिरीचे पाणी बाटलीत भरून नेले, त्यांना त्या पाण्याची हकीकत कळविणे हे उपकाराचे काम नसून ते देणे आहे.