परत कवा जाणार?

आमचं मुरुड म्हणजे जंजिऱ्याचं मुरुड नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण नाव ऐकलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे समुद्राची चौकशी करतात. आमचं मुरुड लातूर जिल्ह्यातलं, बार्शी रस्त्यावरचं. इथे समुद्र नाही, उन्हाळ्यात नळाला पाणी आलं तरी आनंद होतो. तर अशा या मुरुडातून माझा धाकटा मुलगा 2008 साली समुद्रापलीकडे मस्कतला गेला आणि सतरा वर्षांनी, गेल्या दिवाळीत, कायमचा परत आला.

"कायमचा" हा शब्द गावाला अजून पटलेला नाही. पारावर, दुकानात, बस स्टँडवर, जो भेटेल तो एकच विचारतो, "कवा आलास? परत कवा जाणार?" पहिले दोन महिने तो हसून सांगायचा, "आता नाही जाणार." हल्ली नुसता हसतो.

अमेरिकेहून परत येणारे आपल्या मर्जीने येतात. आखाताचं तसं नाही. तिथे माणूस वीस वर्षं राबला तरी त्याचं राहणं नोकरीला बांधलेलं. नोकरी संपली की गाशा गुंडाळायचा. म्हणजे तो गेला त्याच दिवशी परत येणार हे ठरलेलं होतं. तरीही त्याच्या परत येण्याची तयारी आम्ही कोणीच केली नव्हती. खोली बांधली, रंग दिला, कूलर आणला. पण माणूस सतरा वर्षांत बदलला असेल, हे डोक्यातच आलं नाही.

खटके लवकरच उडू लागले. त्याला दहा म्हणजे दहा लागतात. सकाळी येतो म्हणालेला गवंडी तिसऱ्या दिवशी उगवला की याचा पारा चढतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते त्याने मस्कतच्या खोलीत टीव्हीवर पाहिलं होतं. तिथे वाळवंटात समुद्राचं पाणी गोड करून नळाला सोडतात, आणि मांजरेच्या काठचे आपण आगगाडीची वाट बघतो, हे त्याला अजून सहन होत नाही. ओमानमध्ये जून ते ऑगस्ट भर दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम आहे. आमच्याकडे मे महिन्यात रस्त्यावर डांबर ओतणाऱ्या बायका पाहून तो म्हणाला, "अण्णा, हे कुणाला दिसत नाही का?"

प्रत्येक वाक्याची सुरुवात "तिकडे असं नसतं" अशी. एकदा मी चिडून म्हणालो, "तिकडे सगळं सोन्याचं होतं तर एका खोलीत आठ जण का राहत होतास?" बोलायला नको होतं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

माझं मत असं झालं होतं की परत आलेल्याने गप्प बसून आधी गाव पुन्हा शिकावं. आधाराला मोठं उदाहरणही होतं. गांधीजी 9 जानेवारी 1915 ला मुंबईत उतरले, तेव्हा ते बॅरिस्टर होते, दक्षिण आफ्रिकेतला लढा गाजवून आले होते. तरी गोखल्यांनी त्यांना सांगितलं, वर्षभर देश बघा, कान उघडे ठेवा, तोंड बंद ठेवा. त्यांनी ते पाळलं. ही गोष्ट मी वर्गात कितीतरी वेळा सांगितली असेल, मुलालाही सांगितली. तो म्हणाला, "आणि वर्ष संपल्यावर काय केलं त्यांनी?"

मास्तर अडकले! कारण वर्ष संपल्यावर, फेब्रुवारी 1916 मध्ये, बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींनी काशीच्या देवळाभोवतीच्या घाणीवर आणि समोर बसलेल्या राजेरजवाड्यांच्या दागिन्यांवरच तोंड उघडलं. म्हणजे वर्षभर गप्प राहिले ते सवय करून घेण्यासाठी नव्हे, नीट बघण्यासाठी. हा फरक मला या वयात, मुलाच्या प्रश्नामुळे कळला.

आता खरी गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही, यावर आठ दिवस विचार केला.

मस्कतला त्याच्या खोलीत सहा वर्षं आपल्याच तालुक्यातला एक जण होता. एकाच ताटात जेवले, एकाच्या आजारपणात दुसऱ्याने रजा टाकली. तोही गेल्या वर्षी परतला. संक्रांतीनंतर तो आमच्याकडे आला. "गुरुजी, नमस्कार" म्हणून पाया पडला. आमच्या हिने चहा आणला. ट्रेमध्ये दोन चिनी मातीचे कप आणि एक कागदी कप. कागदी कप कोणाचा, हे त्या पाहुण्याला न सांगता कळलं. त्याने तो उचलला, चहा चांगला झाल्याचं सांगितलं आणि थोड्या वेळाने निघून गेला. मी सगळं पाहिलं आणि काही बोललो नाही.

तो गेल्यावर मुलाने एवढंच विचारलं, "अण्णा, कप वेगळा का?" मी म्हणालो, "तुझ्या आईची जुनी सवय आहे. आता या वयात तिला काय सांगणार? गावात राहायचं तर..."

वाक्य अर्धंच राहिलं, कारण बोलता बोलता मला बडोदा आठवलं. बाबासाहेब 1913 ला अमेरिकेला गेले, 1917 ला परतले आणि करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीला हजर झाले. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे ते विसरून गेले होते. बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर ते पुन्हा आठवावं लागलं. पारशी नाव लावून पारशांच्या खाणावळीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले. मग त्यांनी दोन स्नेह्यांकडे आसरा मागितला. एक म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. पाच तास बागेत बसून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हे त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

त्या दोघा स्नेह्यांपैकी कोणीही "मला चालत नाही" असं म्हणालं नाही. एकाने नोकरांवर ढकललं, दुसऱ्याने बायकोवर. आणि शंभरहून जास्त वर्षांनी मीही बायकोवरच ढकललं! तेहतीस वर्षं मास्तरकी केली, दर 14 एप्रिलला भाषण केलं, नामांतराच्या काळात मराठवाड्यात काय झालं ते डोळ्यांनी पाहिलं. आणि माझ्या घरातला कागदी कप मला दिसायला मुलाला मस्कतहून यावं लागलं.

म्हणून आता माझं मत बदललं आहे. परत आलेल्या माणसाने काही गोष्टी पुन्हा शिकाव्यातच. न कळवता येणारा पाहुणा, उशिरा येणारा गवंडी, बँकेतल्या रांगेत सुरू होणाऱ्या गप्पा, यांत चीड आहे तशी मायाही आहे, ती हळूहळू कळेल. पण काही गोष्टींची त्याने पुन्हा सवय करून घेऊच नये. त्या आपण बदलायच्या, तो नवा आहे तोवर. दोन-तीन वर्षांनी त्यालाही दिसेनासं होईल, आणि मग आपण म्हणू, "आता कसा गावात रुळला बघा!" मला त्या रुळण्याची भीती वाटते.

हिच्याशी बोललो. ती म्हणाली, "तुम्ही आजवर कधी म्हणालात का?" खरं आहे, नाही म्हणालो. कागदी कपांचा गठ्ठा तिनेच चुलीत घातला.

मुलाच्या त्या मित्राच्या घरी मी आजपर्यंत गेलेलो नाही, आणि त्यांची वस्ती माझ्या जुन्या शाळेपासून दहा मिनिटांवर आहे. येत्या रविवारी मुलाबरोबर जायचं ठरवलंय. ते चहा देतील की नाही, आणि दिला तर कशात देतील, ते त्यांनी ठरवायचं.

तुमच्याकडेही कोणी बाहेरून परत आलं असेल, तर "परत कवा जाणार" विचारण्याआधी, त्याला इथे काय खटकलं ते एकदा विचारून पाहा. ऐकायला जड जातं. पण ऐका.